वहिनीचा हेल

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी बाई मी नाही. धुळ्यात हायस्कूलला सत्तावीस वर्षं मराठी शिकवते आहे. कुणाच्या अंगात आलं म्हटलं की मी आधी तिचं बीपी बघायला सांगते. या सदरातले अनुभव आमचे मिस्टर मोठ्याने वाचून दाखवतात आणि मी भाजी निवडता निवडता प्रत्येकात खोट काढते. आज मीच लिहायला बसले, तर ते चष्मा काढून बघत राहिले. नावं बदलली आहेत. बाकी घडलं तसंच.

माझं माहेर चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या अंगाला. घरात माय आणि माझा धाकटा भाऊ प्रवीण. प्रवीण ठिबकचे संच बसवायच्या कामावर चार वर्षं ओडिशात होता, बालेश्वरकडे. येताना तिकडचीच बायको करून आला – सस्मिता. मायने चार दिवस तोंड फिरवलं, पाचव्या दिवशी दोघी एका ताटात जेवायला बसल्या.

पोरगी हुशार. सहा महिन्यांत मराठी, वर्षभरात अहिराणी. आणि अहिराणी कशी, तर बाजारात हुज्जत घालण्याइतकी – "बठ्ठा वांगा सडेल शेतस, माले काय देखाडी राह्यनी?" (सगळी वांगी सडलीत, मला काय दाखवतेस?) शब्द बरोबर, ठसका बरोबर. फक्त हेल तिकडचाच राहिला. शब्द संपला तरी ती त्याला सोडायची नाही, शेवटच्या अक्षरावर जराशी रेंगाळायची. 'अ' तोंडात गोल फिरवून बाहेर काढायची. डोळे मिटून ऐकलं तरी कळावं की ही बाई लांबून आलेली आहे. गावाला एव्हाना त्याची सवय झाली होती. मला नव्हती. माझा धंदाच उच्चार सुधारण्याचा, आणि जीभ पहिल्यापासून तिखट.

श्रावणात आमच्याकडे कानबाई, आम्हा खानदेशकरांची देवी, बसते. सगळी भावकी जमते, देवीच्या नैवेद्याचे रोट होतात, आणि त्या रोटाचा तुकडा भावकीबाहेर कुणाला मिळत नाही. आमच्या घरात अशी रीत की, देवी बसली की पहिलं गाणं घरात आलेल्या नव्या सुनेने म्हणायचं. सस्मिता महिनाभर मायकडून ते गाणं शिकत होती. गायली. एक शब्द चुकला नाही. दुसऱ्या दिवशी चुलीपाशी पंधरा-वीस बायका होत्या, तिथे मी त्या गाण्याची नक्कल करून दाखवली. हेल काढून, मान वाकडी करून, अगदी हुबेहूब. बायका हसून हसून लोळल्या. मी मान वळवली तर ती दारात उभी, कमरेवर कळशी. तीही हसली. कळशी नीट खाली ठेवली आणि बाहेर गेली.

त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही असं नाही. "हो ताई", "नाही ताई", "चहा ठेवू का ताई". इतकंच. बाकी घरभर तिची बडबड चालायची, मी पाऊल टाकलं की बंद. आणि आणखी एक – कुणी मोबाईल काढला की ती पदर तोंडाला लावायची. फोटो काढू द्यायची, व्हिडिओ नाही. मला वाटायचं, नखरे आहेत. माफी मागावी असं दोन-तीनदा मनात आलं होतं. पण मोठी नणंद मी... राहून गेलं.

लग्नाच्या तिसऱ्या वर्षी जुई झाली. नाव तिनेच ठेवलं. हे फूल दोन्हीकडे याच नावाचं आहे म्हणून. बाळंतपणानंतर तिला ताप आला, जळगावला नेलं, आणि अकराव्या दिवशी ती गेली. जुई अकरा दिवसांची.

दिवसकार्य झाल्यावर प्रवीण मोबाईल घेऊन माझ्याजवळ आला. फोटो शेकड्याने होते. लग्नाच्या व्हिडिओवर वाजंत्री. तिचा आवाज कुठेच नाही. म्हणाला, "ताई, तुला यायचं ना तिच्यासारखं? एकदा बोल ना." मी तोंड उघडलं. आलं नाही. पंधरा बायकांपुढे चुटकीसरशी आलेलं त्याच्यापुढे एक अक्षर येईना. तो मोबाईल खिशात घालून गोठ्याकडे गेला. बोलला असता तर बरं झालं असतं.

आता मुद्द्यावर येते.

जुई अडीच वर्षांची झाली तरी माझ्यासमोर चकार शब्द काढायची नाही. मी मायला झापलं, पोर मुकी आहे का, डॉक्टरला का दाखवत नाहीस? माय भाकरी थापता थापता म्हणाली, "बोलस ती. तुन्हासमोर नही बोलस."

मे महिन्याची सुट्टी होती. दुपारी मागच्या मोरीत मी कपडे पिळत होते. पलीकडे गोठ्याच्या सावलीत जुई मांजरीशी बोलत होती. "ये ना व माय, दूध पी ल्ये. कोणी नही मारत तुले."

माझ्या हातातून लुगडं सुटलं. आवाज पोराचा, पण हेल सस्मिताचा. तेच शेवटच्या अक्षरावर रेंगाळणं, तोच गोल 'अ'. बोबडे बोल नव्हते ते. बोबडं बोलणं मी आयुष्यभर ऐकत आले आहे, तेवढा फरक मला कळतो. मी तिथेच ओल्या फरशीवर बसले. दिवसाढवळ्या, उन्हात, अंगावर काटा उभा राहिला.

माय मागे येऊन उभी होती. म्हणाली, "आम्हीच सांगेल शे तिले, आत्यासमोर बोलू नको." मी विचारलं, "का?" तिने माझ्या हातून सुटलेलं लुगडं उचललं आणि पिळायला लागली. उत्तराची गरजही नव्हती. माझी सख्खी आई माझ्यापासून त्या पोरीचं तोंड जपत होती. या सगळ्या प्रकारात मला सर्वात जास्त काय लागलं असेल तर ते हे.

मग माझ्यातली मास्तरीण जागी झाली. कारण शोधायला निघाले. गावात ओडिशाचा माणूस नाही. केळी कापायला येणारे मजूर मध्य प्रदेशातले. टीव्हीवर तिकडचं काही लागत नाही. माय, प्रवीण, शेजारीपाजारी, सगळे इथलेच, आणि पोर यांच्यातच वाढलेली. सस्मिताच्या भावाला बालेश्वरला फोन लावला. तो लग्नात आला होता, नंतर भेट नाही. काही न सांगता स्पीकर चालू केला आणि जुईला बोलतं केलं. ती आपली अहिराणीत मांजरीचं सांगत बसली. त्याने तिला पुन्हा एकदा बोलायला लावलं. मग तो म्हणाला, "भाषा तो समझ में नहीं आई, दीदी... पर बोल तो सस्मिता रही है. छोटी थी तब की." आणि फोन ठेवला.

जळगावच्या वाचातज्ज्ञ बाईंना दाखवलं. कान तपासले, जीभ तपासली, तासभर खेळवलं. सगळं उत्तम. त्या म्हणाल्या, "मूल घरातलाच हेल उचलतं. घरात असं कोण बोलतं?" मी म्हटलं, आता कोणी नाही. पोटात असताना ऐकलं असेल का, हेही विचारलं. त्या म्हणाल्या, पोटातलं बाळ आवाज ओळखतं, पण अडीच वर्षांनी असं बोलणं आपण पाहिलेलं नाही. शेवटी म्हणाल्या, "सहा महिने आणत राहा. निघून जाईल."

परतताना गाडीत जुई माझ्या मांडीवर झोपली होती. प्रवीण गाडी चालवता चालवता म्हणाला, "ताई, तू म्हणशील तसं. तू शिकलेली आहेस." किती विश्वासाने म्हणाला. उपचार केले तर त्याच्या घरात उरलेलं तिचं तेवढंही जाणार. नाही केले, तर शाळेत पोरं हसणार, आणि ही पण आईसारखी तोंडाला हात लावून गप्प होणार. कशी गप्प होतात ते मी पाहिलेलं होतं, नव्हे, मीच केलेलं होतं. चोपडा येईपर्यंत मी तिच्या केसांतून हात फिरवत राहिले. मग म्हटलं, "राहू दे. नको नेऊ." पण तिला कोणी हसेल ही भीती बसली ती बसलीच.

त्या संध्याकाळी मी जुईला जवळ घेऊन सांगितलं, "आत्यासमोर बोल बाई, हवं तितकं बोल." ती मायकडे बघायला लागली. मायने मान हलवली, तेव्हा कुठे तोंड उघडलं. मग काय, जेवेपर्यंत थांबली नाही. मी ऐकत राहिले. वहिनीने मला कधी जे ऐकवलं नाही ते सगळं ऐकल्यासारखं वाटलं.

आता ती पाच वर्षांची आहे, गावातल्या अंगणवाडीत जाते. यंदा सव्वीस जानेवारीला मुलांचा वेशभूषेचा कार्यक्रम होता. मी मुद्दाम धुळ्याहून गेले. जुईला केळीचं झाड केलेलं, कमरेला वाळलेली पानं, डोक्याला कागदाचा घड, पायाशी बांधलेलं कागदी पील – केळीच्या बुंध्याशी फुटतं ते नवं रोप. अंगणवाडीताईंनी चार ओळी पाठ करून घेतल्या होत्या, प्रमाण मराठीत.

"मी केळीचं झाड," ती म्हणाली.

मागच्या रांगेतल्या मोठ्या पोरांनी लगेच तो हेल उचलला. एकाने ओढून म्हटलं, मग दुसऱ्याने, मग सगळे खिदळले. मंडपात बायकाही पदराआड हसल्या. जुई थांबली. प्रवीण माझ्या शेजारी उभा होता, त्याने माझा दंड इतका घट्ट धरला की दोन दिवस वळ होता. मला उठून ओरडायचं होतं. पण मला फक्त तिचा उजवा हात दिसत होता, तो वर जातो का, तोंडाकडे.

हात गेला नाही. हसणं संपेस्तोवर ती उभी राहिली, घाई न करता, सगळ्यांकडे बघत. मग पुढचं म्हणाली. त्याच हेलात, पहिल्यापेक्षा मोठ्याने –

"मी एकदाच घड देते. मग मला कापतात. माझं पील माझ्या शेजारी वाढतं."

मंडपात कुणी हसलं नाही. प्रवीण रडत होता, मीही. लोक बघत होते, बघू दे म्हटलं. ती खाली उतरली, पानं फडफडवत आमच्याकडे आली, आणि लगेच खाऊ मागितला.

हे कसं झालं, मला सांगता येत नाही. पुनर्जन्म वगैरे म्हणायला अजूनही जीभ वळत नाही. कुणा जाणकाराकडे कारण असेल तर जरूर कळवा, मी ऐकेन. पण ते कारण काहीही निघालं, तरी पोरीला सुधारायला मी जाणार नाही.