अक्काच्या तोंडाचा फोटो

गेल्या शनिवारी दुपारी, नांदेडच्या आमच्या घरात, मी आणि माझी नात एका तोंडासाठी डोळे फोडत बसलो होतो. तोंड माझ्या थोरल्या बहिणीचं, धर्माबादच्या अक्काचं. अक्का जाऊन पाच दिवस झाले होते... दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या नावानं वंदना घ्यायचा, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम, आणि बॅनरवर लावायला तिचा एक फोटो सापडेना.

मला लिहिता-वाचता येत नाही. मी बोलते, नात प्रज्ञा टाईप करते. आता पुढं सगळी तिच्याबद्दलचीच तक्रार आहे, तरी एक शब्द गाळायचा नाही असं तिच्याकडून कबूल करून घेतलंय.

प्रज्ञाला फोटोचा लई नाद. बाजारात मेथी आणायला पाठवली तर मेथीचा फोटो घेऊन येते, मेथी तिथंच. निलंग्याला लग्नाला नेली, तर नवरा-नवरी सोडून एसटीच्या खिडकीचा गंजका गज काढत बसली.

माणसाचा काढलाच तर टाच, बोटं, पाठ, नाहीतर सावली. मी एकदा विचारलं, अगं यांना मुंडकी नव्हती का? तर म्हणते, आजी, कॅमेऱ्याकडे बघितलं की माणूस खोटं होतं.

खोटं होतं म्हणे... सत्तर वर्षं मी लोकांच्या तोंडाकडे बघून बोलतेय, मला कुणी सांगितलं नाही.

उन्हाळ्यात आम्ही दोघी अक्काकडे गेलो होतो. गच्चीवर लाल मिरच्या वाळत होत्या, शेजारी जुन्या साडीवर कुरडया. नात मोठा कॅमेरा घेऊन येतेय म्हणून अक्का डोकं धुऊन, ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून, गुडघ्यांवर हात ठेवून खुर्चीत बसलेली.

ह्या बाईनं तिला काय सांगावं... अक्का आजी, तुम्ही तुमचं काम करा, माझ्याकडे बघूच नका. अक्कानं माझ्याकडे बघितलं. मग उठली, लुगडं बदललं आणि मिरच्या पसरायला लागली.

तेव्हाच मी बोलायला पाहिजे होतं. बोलले नाही... हेही टाईप कर.

तर शनिवारी अक्काच्या लेकाचा, मिलिंदचा, फोनवर फोन. बॅनरवाला दुकान बंद करायला टेकलाय म्हणाला. आधार कार्डावरचा फोटो त्यांनी मोठा करून बघितला, तर अक्का राहिली बाजूला, नुसता काळा डाग. लग्नकार्याच्या फोटोंत तर ती कधीच नसायची... सगळे फोटोला उभे राहिले की ही भाताच्या पातेल्यापाशी.

मिलिंदला वाटलं, घरात फोटोवाली पोरगी आहे, काळजी कशाची.

प्रज्ञानं लॅपटॉप उघडला. अक्काचे हात आले. मिरचीनं लाल झालेली बोटं आली. टाचेच्या भेगा आल्या, त्या तर इतक्या जवळून की मला आधी वाटलं उन्हाळ्यातलं रान आहे. पाठमोरी अक्का, जिना चढणारी अक्का, भिंतीवर अक्काची सावली... तोंड एकातही नाही.

शेवटी माझं डोकं फिरलं. म्हटलं, "बॅनरवर काय टाच लावू का गं? लोकांनी फुलं कुठं वाहायची?"

ती हसली नाही. रडायला लागली. सांगायचं तर मलाही धास्ती पडली होती... पाच दिवसांतच अक्काचे डोळे मला नीट आठवेनात.

नाक पुसत प्रज्ञा म्हणाली, आजी, एक फोल्डर राहिलाय. वाया गेलेल्या फोटोंचा.

त्यात सापडली अक्का. समोरून, पुरं तोंड, डोळे सताड उघडे. झालं असं होतं की ही बाई फोटोच्या नादात मागं सरकत सरकत कुरडयांवर उभी राहिली. अक्कानं कावळे हाकायची काठी उचलली, आणि घाबरून हिचं बोट बटणावर पडलं. अक्का काय म्हणाली तेही मला पाठ आहे.

"काय फोटो काढून राहिलीस, पाय उचल अगोदर. कुरडया काय तुझ्या बापानं घातल्यात?"

फोनवर पाठवलेला फोटो बघून मिलिंद घोटाळला. मावशी, असला रागातला फोटो लावायचा... लोक काय म्हणतील?

"लोक म्हणतील, अक्का हाय. दुसरीचा लावायचा असंल तर लाव बाबा."

प्रज्ञानं काठी तेवढी कापली. राग राहिला.

रविवारी धर्माबादला मांडवात मेणबत्त्या लागल्या, वंदना झाली. मागं एवढी मोठी अक्का, आत्ता कुणावर तरी ओरडणार अशी. खरं सांगते, लोक आत येताना चपला नीट ओळीत काढून राहिले होते. शेजारणी आधी पदरात तोंड लपवून हसल्या, मग रडल्या.

अक्काची सून शीला मात्र कोरडी. तीस वर्षं सासूचं ऐकलेली, सहा दिवसांत डोळ्यातून टिपूस नाही... म्हणून बायका कुजबुजत होत्या. ती चहाचा ट्रे घेऊन मांडवातून चालली होती. मध्येच तिचं वर लक्ष गेलं आणि सवयीनं तोंडातून निघालं,

"आले, आत्या."

मग ट्रे घेऊनच खाली बसली. रडणं थांबेना तिचं... कप मी एकेक करून उचलले.

प्रज्ञा, माझा राग अजून गेलेला नाही. हिरव्या लुगड्यातली अक्का काही आता परत मिळायची नाही. पण त्या दिवशी तुझा पाय कुरडयांवर पडला, ते लई बरं झालं बाई.