गोलपोस्टसमोरचे दिघे सर

अमिरातीतल्या मराठी आईबापांनो, आपल्या सगळ्यांची एकच तक्रार असते: उन्हाळ्यात मुलं फ्लॅटमध्ये कोंडून पडतात, हातातला मोबाईल सुटत नाही. तक्रार खरी आहे. पण विनायक दिघे सरांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथात मी ठणकावून सांगतो, दाराला कडी आपणच घातली आहे.

सरांची पहिली भेट अल ऐनमधल्या एका घरगुती गणपतीच्या पंक्तीत झाली. आपण काय करता, असं मी विचारलं. ‘मी गोली आहे,’ ते म्हणाले. म्हणजे गोलरक्षक, पण गोंगाटात मला ‘कोळी’ ऐकू आलं आणि भर गणपतीत मी त्यांना चांगली सुरमई कुठे मिळते ते विचारलं. सरांनी शांतपणे अजमानच्या मासळीबाजाराचा रस्ता सांगितला. मग म्हणाले, ‘मासे बर्फात असतात. मी बर्फावर असतो.’

सर मूळचे ठाण्याचे, मैदानी हॉकीतले गोलरक्षक. अल ऐनला आले ते रिंकचा बर्फ गोठवणारी यंत्रं सांभाळायला. एकदा सामन्याच्या दिवशीच आइस हॉकी संघाचे गोलरक्षक तापाने आडवे झाले. सरांनी पाना खाली ठेवला, उसने पॅड बांधले आणि जाऊन उभे राहिले. स्केटवर धड तोल सावरत नव्हता, रबराची चकती दगडासारखी येत होती, पण सर जागचे हलले नाहीत! पुढच्या मोसमात क्लबने त्यांना पगारी गोलरक्षक नेमलं. आपल्या मंडळात मात्र कित्येक वर्षं ते ‘एसीवाले दिघे’च राहिले. हुद्द्याला हार घालणाऱ्या आपल्याला याची लाज वाटली पाहिजे.

एका अंतिम सामन्यात तरुण बचावपटूचा पाय घसरला आणि संघ हरला. तो मान वर करीना. ‘खलास, हबीबी. गोल मी खाल्ला, तू नाही,’ एवढंच सर त्याला म्हणाले.

माझ्या इराला गोलरक्षक व्हायचं होतं. मी नकार दिला. दात पडतील, दहावी आहे, वगैरे. सर अल ऐनहून सगळं सामान घेऊन अजमानला आमच्या घरी आले आणि पॅड, हेल्मेट मलाच चढवलं. मग इराला म्हणाले, मार बाबांना. तिने टेनिसचे चेंडू सपासप मारले. सगळे अंगावर आदळले, पण एकही लागला नाही.

‘बाबा, यू आर स्माइलिंग,’ ती म्हणाली. तिथेच माझा विरोध संपला.

आज इरा मुलींच्या संघाची गोलरक्षक आहे. या सुट्टीनंतर ती शिकायला पुण्याला जाते आहे आणि तिच्या जागी कुणीच नाही. गोलरक्षक नसेल तर सरांनी उभा केलेला हा संघ मोडेल. मी काळजीने विचारलं तेव्हा सर म्हणाले, ‘मुलगी मिळेपर्यंत सरावाला मी उभा राहतो.’ साठीच्या गुडघ्यांवर!

ते गुडघे आणि ती जिद्द शंभरीपर्यंत ठणठणीत राहोत, ही माझी मनापासूनची इच्छा. पण नुसत्या इच्छेने गोल अडत नाही. हा ग्रंथ हाती पडेल त्यानंतरच्या पहिल्या शनिवारी, सकाळी नऊ वाजता, तुमच्या लेकीला अल ऐनच्या रिंकवर आणा आणि गोलपोस्टसमोर उभी करा.