शिवलिंगअप्पांच्या निधनाची सत्तावीस पत्रं

शिवलिंगअप्पांनी पोस्टकार्डांचा गठ्ठा माझ्या टेबलावर आपटला.

"सर, ह्या नोटिसा वाचा बरं. सत्तावीस हायेत. इंग्रजीत हायेत म्हंजे कोर्टाच्याच."

अप्पांचं सोनपेठच्या बाजारात किराणा दुकान. मी इंग्रजीचा निवृत्त मास्तर. दहावीच्या पोरांना घरी होमवर्क सांगतो. पहिलंच कार्ड वाचलं. लेटर माझंच होतं.

होमवर्क होता कंडोलन्स लेटर, म्हणजे सांत्वनपत्र. मित्राचे वडील गेले, त्याला लिहा. ओळखीचं नाव घातलं की पोरांना लवकर उमगतं, म्हणून मॉडेल आन्सरमध्ये मी अप्पांच्या मुलाचं, महेशचं नाव आणि दुकानाचा पत्ता दिला. महेश पुण्याला असतो. पोरांनी जसंच्या तसं उतरवलं. ते नेहमीचंच. पण शाळेतल्या नव्या मॅडमनी यंदा लेटर खरोखर पोस्टात टाकायला लावलं, तरच मार्क.

"अप्पा, यात तुम्ही वारलात."

"आं? हिथंबी वारलो?"

मग सगळं कळलं. वालूरला अप्पांच्या लेकीची, सुनीताची सोयरीक जुळली होती, सोमवारी साखरपुडा. कार्ड उघडं, वाटेत कुणीतरी वाचलं आणि बातमी एसटीत बसून वालूरला पोचली. मुलाकडच्यांनी साखरपुडा थांबवला. अप्पांनी स्वतः फोन केला, तर व्याही म्हणाले, "आजकाल मोबाइलात कुनाचाबी आवाज काढतेत. मानूस गेलेला लपवायलेत तुमी!"

सुनीता दोन दिवस जेवली नव्हती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी अप्पांना घेऊन वालूर गाठलं. व्याह्यांनी चहा दिला, अप्पांना खालीवर न्याहाळलं आणि मला विचारलं, "हे ठीक हाय. पन सत्तावीस जन खोटं कशाला लिवतील?"

मी होमवर्क समजावला. पटेना.

"काय लिवलंय ते तर वाचा."

मी मराठीत सांगत गेलो. सचोटीचा माणूस. मापात पाप केलं नाही. गरिबाला दारातून रिकामं धाडलं नाही.

"आता दुसरं."

"दुसऱ्यातही हेच आहे."

"वाचा की."

सत्तावीस वेळा वाचलं. व्याह्यांनी उपरण्यानं डोळे पुसले. "इतके जन एकच बोलायलेत, म्हंजे लय चांगला मानूस होता."

"होता न्हाई, हाय!" अप्पा ओरडले.

साखरपुडा सोमवारीच झाला.

आता मॉडेल आन्सरमध्ये मी स्वतःलाच मारतो. मजकूर तेवढा बदलावा लागला. माझ्याबद्दल तसं लिहायला हात धजेना.