नागपूरच्या घराची नॉन-रेसिडेंट वारस

नागपूरच्या विमानतळावर बाबांनी माझी बॅग शेवटपर्यंत हातातून सोडली नाही. गार्डने अडवलं तेव्हा म्हणाले, "जा आता. रडायचं ते विमानात रड, इथे लोक बघतात." मी हसले, आणि विमानात खरंच रडले. मग अमेरिकेत शिकागोजवळ नेपरव्हिलला नोकरी झाली, ग्रीन कार्ड झालं, टाउनहाऊस झालं. राहते एकटीच. ड्राइव्हवेतला बर्फ काढताना मराठीत चिडते, ते ऐकायलाही कोणी नसतं.

बाबा गेले आणि प्रतापनगरचं घर दादाच्या आणि माझ्या नावावर आलं. दादा तिथेच राहतो. पण वहिनीचे गुडघे गेलेत, जिना चढवत नाही, म्हणून त्याने लिफ्टवाला फ्लॅट बघितला आणि घर विकायला काढलं. गिऱ्हाईकही आलं. मालकांत एक अमेरिकेची आहे कळल्यावर मात्र ते बिचकलं.

बाबांचं काम बघणाऱ्या सीए काकांनी मला फोनवर समजावलं. घर वारशाने मिळालं म्हणून टॅक्स भारतात नाही, अमेरिकेतही नाही. वारसा मोठा असेल तर अमेरिकेत नुसतं कळवायचं. भानगड आहे ती विकताना. दादा रेसिडेंट, त्याच्या हिश्श्यातून घेणारा नावापुरता टॅक्स कापणार. मी नॉन-रेसिडेंट, माझ्यातून भरभक्कम. जास्तीचा परत मिळतो, पण रिटर्न भरून वाट बघायची. शिवाय तो कापून सरकारात भरायची कटकट घेणाऱ्यामागे. एकाच बापाची आम्ही दोघं, आणि ही तऱ्हा!

दादा म्हणाला, "तू सरळ हक्कसोड करून दे ना, मग विकणारा मी एकटाच. कॉन्सुलेटमधून पॉवर ऑफ अटर्नी पाठव, यायलाही नको. तुझा वाटा मी देईनच."

देईल हो, दादा मला फसवायचा नाही. आमच्याकडे बहिणी अशीच सही करतात, साडी घेतात आणि गप्प बसतात. मला झोंबलं ते "यायलाही नको."

"कापू दे टॅक्स," मी म्हटलं. "गिऱ्हाइकाला सीए काका समजावतील. सही करायला मी येते. घर जायच्या आधी मला तिथे राहायचंय."

 दादा अगदी मायेने म्हणाला, "ये की. वहिनीला बरं वाटेल. किती दिवस आहेस?"

हे पाहुण्यांना विचारायचं. त्या घरात मला आजवर कोणी विचारलं नव्हतं. दादाचं काही चुकलं नाही, त्याला सामान हलवायचंय. मी म्हटलं, "आठवडाभर," आणि फोन ठेवून रडले.

मग तिकीट काढायला बसले. परतीचं विमान शिकागोचं घेतलं. इथे माझी वाट बघणारं कोणी नाही, पण किती दिवस आहेस असं विचारणारंही कोणी नाही. आता हेच घर.