सर्वांत कमी कचऱ्याचं घर

कंपोस्टवर शाळेत निबंध लिहायचा म्हणून तुम्ही दोघा नातवंडांनी मला फोनवर सगळं विचारून घेतलंत. टाकं कसं बांधलं, खत किती दिवसांत होतं. एक गोष्ट मात्र मी सांगितली नाही. ती आता लिहून ठेवते.

अमरावतीच्या आमच्या कॉलनीत ओला-सुका कचरा वेगळा करायचं ठरलं, तेव्हा देखरेख माझ्याकडे आली. जन्मभर कॉलेजात इंग्रजी शिकवलेली बाई, शिस्त अंगात मुरलेली. रोज सकाळी फाटकाफाटकाशी ठेवलेल्या हिरव्या बकेटी मी वही घेऊन पाहायची. शिळं अन्न किती, प्लास्टिक मिसळलंय का. मागून कचरावाली त्या बागेमागच्या टाक्यात रिकाम्या करायची.

कोपऱ्यावरच्या घरात एक बाई एकट्या राहत. सगळी कॉलनी त्यांना काकू म्हणे. यजमान जाऊन वर्ष झालं होतं, मुलगी अकोल्याला. त्यांच्या बकेटीत आधी भाज्यांची देठं, संत्र्याची सालं, भाकरीचे तुकडे असत. हळूहळू देठं गेली. मग तुकडे. मग तळाशी नुसता चहाचा चोथा दिसू लागला. मी वहीत लिहिलं, 'उत्तम.'

कचरावाली एकदा म्हणाली, "मॅडम, ह्या काकू हवा खाऊन राह्यल्या का जी?"

"तुझं ओझं तर कमी झालं ना," मी म्हणाले. दोघी हसलो.

कॉलनीच्या बैठकीत सर्वांत कमी कचऱ्याचं घर म्हणून मी त्यांचा सत्कार केला. उठताना त्यांनी खुर्चीची पाठ घट्ट धरली. ब्लाउज खांद्यावरून घसरत होता. हेही मला दिसलं होतं.

"एकल्या जिवाचा कसला आला कचरा, बाई?" त्या म्हणाल्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

पंधरवड्याने एका सकाळी त्यांच्या फाटकाशी बकेट नव्हती. मी वहीत फुली मारली आणि पुढे गेले. कचरावाली मात्र आत शिरली. तिची हाक ऐकून मी मागे धावले. काकू ओट्याजवळ पडल्या होत्या. शेगडीवर धूळ होती, पिठाला जाळी लागली होती.

"काकू, जेवत काहून नव्हत्या?" त्यांचं डोकं मांडीवर घेत कचरावालीने विचारलं.

"एकटीसाठी रांधावंच वाटे ना वं."

मुलीने त्यांना अकोल्याच्या दवाखान्यात नेलं. आठवडाभरात त्या गेल्या.

घर आवरायला आलेली मुलगी माझ्याकडे येऊन बसली. रोज संध्याकाळी आई फोनवर 'जेवले' म्हणायची, असं सांगत होती. मग एकदम म्हणाली, "डॉक्टर म्हणते, तिचं खाणंच सुटलं होतं. मले पटत नाही. मावशी, तुमी तर रोज बकेट पाहत होत्या. काय खात होती माही माय?"

वही समोर टेबलावरच होती.

"शेवटचे चार दिवस सोडले तर नीट जेवत होत्या," मी म्हणाले. "सालं असायची ना."

"कायची?"

"दोडक्याची."

ती ओढणीत तोंड लपवून रडली. मग डोळे पुसत म्हणाली, "चटणी करत असन सालांची. लय आवडे तिले."

दर दिवाळीला तिचा फोन येतो. बोलता बोलता ती तेच विचारते, आणि मी दर वेळी आणखी एक भाजी सांगते.