दाजींचं बिनटाक्याचं ऑपरेशन

सकाळी चहा ठेवला होता, तेवढ्यात अक्काचा फोन आला. “हे गेले रे,” एवढंच ती म्हणाली. माझे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, हृदयविकारानं झोपेतच गेले. आता महिना होत आला. अक्काच्या शुक्रवार पेठेतल्या घरी भेटायला येणारे हळूच विचारतात, किडनीचंच काही झालं का? नाही. शेवटच्या तपासणीतही त्यांचं क्रिएटिनीन, म्हणजे किडनी नीट चालते का ते सांगणारा रक्तातला आकडा, मर्यादेतच होतं. हे एकदा नीट सांगावं, म्हणून लिहितो आहे.

दाजी चिंचोळी एमआयडीसीत फिटर होते. अक्काच्या किडन्या निकामी झाल्या तेव्हा त्यांनी आपली एक तिला दिली आणि रजा संपताच कामावर हजर झाले. काही वर्षांनी नेहमीच्या तपासणीत त्यांच्या उरलेल्या किडनीच्या धमनीला फुगा आलेला दिसला. आकार अडीच सेंटीमीटर. फुटला तर जिवावर बेतणार. पोट उघडून दुरुस्ती करावी तर किडनीच गमावण्याची भीती. अक्काचं जेवण सुटलं. आपल्यामुळंच यांच्याकडं एक राहिली, हे तिच्या मनातून जाईना... मी डॉक्टरांना खोदून खोदून विचारलं. जांघेतल्या धमनीतून बारीक नळी वर न्यायची आणि फुग्यात प्लॅटिनमच्या तारेची वेटोळी भरायची, असं त्यांनी समजावलं. फुगा बंद, किडनीचा रक्तपुरवठा चालू. धोका शून्य नाही, पण कमी. दाजी म्हणाले, “पाइप न कापता काम होतंय तर करा की.”

ऑपरेशनच्या दिवशी अक्कलकोटहून आमच्या मावशी दवाखान्यात डबा घेऊन आल्या. रक्त लागलं तर म्हणून कारखान्यातली मंडळीही आली. दुपारी दाजी बोलत बोलतच बाहेर आले. मावशींनी चादर सारून पाहिलं. पोटावर ना टाका, ना पट्टी. आमच्याकडं पेशंट न कापता बाहेर आला की लोक एकच अर्थ काढतात, डॉक्टरांनी आशा सोडली. मावशींनी पदर तोंडाला लावला. “न कापताच माघारी धाडलं की गं...” आधी सगळं ऐकूनही अक्का मटकन खाली बसली. जांघेतून नळी घातल्यामुळं दाजींना पाय हलवायची मनाई होती. पडल्या पडल्याच म्हणाले, “मावशी, तुमच्यासाठी आत जाऊन एक टाका घालून येऊ का?” वॉर्ड हसला. अक्का मात्र डॉक्टर येऊन सांगेपर्यंत उठली नाही.

पुढं जखम बघायला येणाऱ्यांना दाजी कंटाळले. त्यांनी ऑपरेशनच्या वेळी काढलेली एक्स-रेची फिल्म स्वयंपाकघराच्या खिडकीला चिकटवली. फांद्यांसारख्या रक्तवाहिन्या आणि एका बाजूला तारेचं छोटं गुंडाळं. येईल त्याला तिथं उभं करायचे.

परवा मावशी अक्काला म्हणाल्या, काढून टाक आता ती. अक्का खिडकीपाशी सकाळच्या गोळ्या घेत होती.

“राहू दे,” ती म्हणाली. “लोक अजून विचारत्यात, आणि रिपोर्टातलं आकडं कुणाला कळत्यात? त्यांची किडनी शेवटपर्यंत चांगली होती, हे दाखवायला दुसरं काय हाय माझ्याकडं?”

आणि फिल्मचा सुटलेला कोपरा तिनं अंगठ्यानं दाबून बसवला.