ढिल्या मानेची बाहुली

आमच्या अंगणवाडीतल्या बाहुलीची मान ढिली आहे. गरोदर बायांना बाळ धरायला शिकवताना तिचं मुंडकं लाखभर वेळा तरी निखळलंय; एकदा तर घरंगळत थेट तालुक्याला पोचलं होतं! तरी मी नवी बाहुली मागत नाही.

काल आठव्या महिन्यातली रेखा रडवेली झाली. "ताई, माझ्या हातून बाळ पडलं तर?"

"मानेखाली तळवा ठेव आणि बिनधास्त उचल."

मुंडकं दोनदा पडलं. "अगं, पोर आहे ते, नारळ नव्हे!" मी म्हटलं, तशा बाया खिदळल्या. तिसऱ्यांदा टिकलं.

आईपण पोटात वाढतं म्हणतात. मला तर ते तळहातात उतरताना दिसतं.

मग चहा आला. एका हातात कप घेऊन रेखा गप्पांत रंगली. दुसरा तळवा मात्र बाहुलीच्या मानेखालून हलला नाही.